सभासद क्रमांक २१४

केळुसकरांच्या वाचनालयात पुस्तकांना नावं नव्हती.
म्हणजे होती, पण आत.
बाहेर कव्हर जुन्या कॅलेंडरच्या पानांचं,
देव आतल्या बाजूला, तारखा वर.
म्हणून आम्ही विचारायचो,
‘तो जाडा नोव्हेंबर आला का हो परत?’
आणि केळुसकर चष्म्यावरून बघत म्हणायचे,
‘नोव्हेंबर शिवडीला गेलाय. तू मे ने.’

काळाचौकीला, पिठाच्या गिरणीच्या पोटमाळ्यावर.
महिना दीड रुपया, अनामत पाच.
ते पाच मी रद्दी विकून जमवले,
विकायच्या आधी ती रद्दी वाचून.
पुस्तकांवर पिठाची साय धरलेली असायची,
पान उलटलं की बोटं पांढरी,
आणि आईला कळायचं
रॉकेलच्या रांगेत पोरीचा नंबर कसा गेला.

शेवटच्या पानाला खिसा, खिशात कार्ड.
माझ्या एकशे एकाहत्तरच्या वरच्या ओळीत
जवळजवळ नेहमी: २१४.
मी जिथे म्हणून जाईन
तिथे हे माणूस आधीच जाऊन आलेलं.

खुणा ठेवून जायचं.
समासात पेन्सिलीचं टिंब, तिळाएवढं,
दर दोन-तीन पानांनी.
कधी तर वाक्याच्या मध्येच,
नायिका दाराची कडी काढत असताना.
काय मंद वाचतं हे माणूस!
मी एका बैठकीत दीडशे पानं उडवणारी,
चौदा वर्षांची, शिष्ट.
पण पुढे पुढे टिंब दिसलं
की मीही थांबायचे जरा,
उगाच, सोबत म्हणून.

त्या पुस्तकांना एक वास यायचा.
पिठाचा नव्हे. उग्र, स्वच्छ, नाकात चढणारा.
मला वाटायचं, छापलेल्या कागदाचा वासच तो.

मग लग्न, भांडुप, पोस्टात सॉर्टिंगला बत्तीस वर्षं.
दिवसभर लोकांचे पत्ते वाचून
रात्री पुन्हा पुस्तक घेतलं की नवरा म्हणायचा,
‘तुझं पोट नाही का भरत?’
नाही भरलं.
सासऱ्यांच्या तेराव्याला
तांदळाच्या पोत्यामागे बसून चाळीस पानं वाचली.
लाज वाटते. पण शेवट राहिला होता.

केळुसकर गेले. गिरण विकली.
मुलाने पुस्तकं किलोवर काढली.
मी एक मे घेतला, एक ऑगस्ट,
आणि नोंदवही नुसती मागून आणली.
दोनशे चौदा:
कु. फिलोमिना तुस्कानो,
परिचारिका निवास, क्षयरोग रुग्णालय, शिवडी.
खाली केळुसकरांच्या अक्षरात:
रात्रपाळी असते. उशीर झाल्यास दंड घेऊ नये.

जिन्यातच बसले मी.

टिंब म्हणजे हाक होती.
सिस्टर, पाणी.
सिस्टर, बाजूचा काही बोलत नाही.
कडीवर हात ठेवून नायिका तशीच उभी राहिली
आणि बाई उठून गेल्या.
त्या जाड्या नोव्हेंबरात
एकाच पानावर सहा टिंबं होती.
मी ते पान अर्ध्या मिनिटात वाचलं होतं.

आईला कळतं, तर पुस्तकं बंबात गेली असती.
केळुसकरांना सगळं ठाऊक होतं.
गच्चीवर उन्हात पुस्तकं उघडी पसरून
दिवसभर राखण करायचे,
विचारलं तर म्हणायचे, ‘वाळवी गं.’

बाईंना मी शोधलं नाही.
वसईला तुस्कानो पुष्कळ,
आणि भेटून सांगणार काय,
मी तुमच्यामागून वाचत आले?

आता दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत.
पाच-सहा पानं झाली की डोळ्यांना पाणी येतं.
तिथे मी टिंब देते.
आणि शुक्रवारी मोलकरीण
मोरी धुवायला फिनेलची बाटली उघडते
तेव्हा अजून, खरं सांगते,
हात आपोआप चष्म्याकडे जातो.